अंतर बरोबर, पण कशाचं?

प्रश्न: परवान्यावर डोंगराळ भागात हरणाची शिकार करतो. ३०० मीटरच्या पुढे गोळी टाकत नाही. सुट्टीच्या दिवशी ८०० मीटरपर्यंत स्टीलच्या प्लेटांवर नेमबाजी चालते, आणि हल्ली धनुष्यही हातात घेतलं आहे. मागच्या खेपेला उसना घेतलेला लेझर रेंजफाइंडर एकाच हरणाला एकदा १८७, एकदा २३६ आणि एकदा ४१२ मीटर दाखवत होता. यंत्र बिघडलेलं होतं का? नवीन घ्यायचा तर ‘१००० मीटर’वाला पुरेल की ‘२५०० मीटर’वालाच घ्यावा? गोल्फचा एक स्वस्तात मिळतो आहे. एक ओळखीचे आपली जुनी रेंजफाइंडर दुर्बीणही विकत आहेत. नेमकं काय घेऊ?

उत्तर: उसना रेंजफाइंडर बिघडलेला नसावा. तिन्ही आकडे बहुधा खरेच असतील, फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे असतील. १८७ मीटरवर अलीकडच्या उंचवट्यावरचं गवत, २३६ वर हरिण आणि ४१२ वर मागचा डोंगरउतार. रेंजफाइंडर अंतर मोजतो, पण ते कशाचं मोजलं हे सांगत नाही. पुढची सगळी निवड या एका गोष्टीभोवती फिरते.

चूक किती महागात पडते ते आधी बघा. नेहमीच्या काडतुसाची .३०८ विंचेस्टर रायफल १०० मीटरला झीरो केली आहे, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागते, असं धरू. हरिण २३६ वर आहे आणि तुम्ही ४१२ समजून नेम उचललात, तर गोळी साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर वरून जाईल, म्हणजे पाठीवरून साफ निघून जाईल. उलटी चूक जास्त वाईट: हरिण ४१२ वर आणि तुम्ही २३६ धरलंत, तर गोळी पाऊण मीटर खाली, जमिनीत किंवा पायात. जखमी जनावर डोंगरात निघून जातं ते अशा चुकीमुळे.

यंत्राच्या आत काय होतं ते थोडक्यात. एक डायोड डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे अगदी आखूड स्पंद सोडतो. हातात धरायच्या बहुतेक यंत्रांत तो ९०५ नॅनोमीटरचा असतो. समोरच्या वस्तूवरून परतलेला प्रकाश दुसऱ्या भिंगातून संवेदकावर पडतो आणि जाऊन-येऊन लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. एक मीटर अंतराला हा वेळ जेमतेम ६.७ नॅनोसेकंद असतो. एवढ्या सूक्ष्म वेळाचा हिशेब साधी यंत्रंही नीट करतात. अडचण येते ती झोताच्या जाडीमुळे.

झोत सुईसारखा बारीक नसतो, अंतराबरोबर पसरत जातो. हा पसारा मिलिरेडियनमध्ये म्हणजे मिलमध्ये सांगतात. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर आणि १००० मीटरवर एक मीटर. डायोडच्या रचनेमुळे झोत बहुधा गोल नसून आडव्या किंवा उभ्या पट्टीसारखा असतो. ४ बाय २ मिलचा झोत २३६ मीटरवर ९४ बाय ४७ सेंटीमीटर जागा व्यापतो. हरणाची छाती पाठीपासून पोटापर्यंत साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर. म्हणजे नेम बरोबर मधोमध असला तरी थोडा प्रकाश पाठीवरून किंवा पोटाखालून निसटतो. त्यात हात मिलभर हलला की अर्धा झोत डोंगरावर. तुम्हाला तीन आकडे दिसले ते यामुळेच.

म्हणून माहितीपत्रकात सर्वांत आधी झोताचा पसारा शोधा. तो छापलेलाच नसेल तर बहुधा सांगण्यासारखा नसतो. तुमच्या कामाला लांब बाजू दीड मिलच्या आत आणि आखूड बाजू अर्ध्या मिलच्या आसपास असलेलं यंत्र बघा. पट्टी आडवी आहे की उभी हेही विचारा. उभी पट्टी हरणाच्या पाठीवरून डोंगरावर जाते, आडवी पट्टी डावी-उजवीकडच्या झुडपांना लागते. उघड्या डोंगरउतारावर आडवी पट्टी सोयीची, दाट झाडीत बारीक खोडांच्या मधून बघायचं असेल तर उभी.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे येऊ. ‘१००० मीटर’ हे चकचकीत परावर्तक पाटीसाठीचं अंतर असतं. चांगला उत्पादक तीन आकडे देतो: परावर्तक वस्तू, झाड आणि हरिण. हरणाचा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी असतो. तोही ढगाळ प्रकाशात आणि यंत्र स्थिर असताना मिळालेला. भर दुपारच्या उन्हात पार्श्वप्रकाश इतका असतो की परतलेला क्षीण स्पंद त्यात हरवतो. ओलं किंवा काळसर अंग असलेलं जनावर आणखी कमी प्रकाश परत देतं. तेव्हा ‘१०००’वाला तुमच्या ३०० मीटरच्या शिकारीला बहुतेक वेळा पुरेल. त्याला ऊन, ओलं जनावर आणि थरथरता हात एकदम मिळाले तर मात्र तो तिथेच अडखळेल.

प्लेटांचं गणित वेगळं आहे. ३० सेंटीमीटरची प्लेट ८०० मीटरवर ०.३७५ मिलची दिसते, म्हणजे जवळजवळ कुठल्याही झोतापेक्षा लहान. रंगवलेलं स्टील प्रकाश चांगला परत देतं, पण झोताचा बराच भाग प्लेटच्या बाजूने मागच्या मातीच्या बांधावर जातो. प्लेट थोडी खाली कललेली असेल, आणि सुरक्षिततेसाठी ती तशीच टांगायला हवी, तर चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश जमिनीकडे वळतो आणि यंत्राला काहीच मिळत नाही. अशा वेळी प्लेटवर हट्ट धरू नका. तिचा खांब, शेजारचा दगड किंवा पायथ्याची माती मोजा, मग मागचा बांध मोजा, आणि प्लेट या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे बसते ते नजरेने ठरवा. या कामासाठी हरणाचा आकडा किमान ७०० ते ८०० असलेलं यंत्र लागतं, म्हणजे खोक्यावर २००० च्या पुढचा आकडा असलेला वर्ग. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं: शिकारीसाठी ‘२५००’ लागत नाही, प्लेटांसाठी लागतो, आणि त्यातही अंतरापेक्षा बारीक झोताला पैसे मोजा.

‘अचूकता अर्धा मीटर’ या जाहिरातीला मात्र भुलू नका. त्याच .३०८ मध्ये अंतर १० मीटरने चुकलं, तर ३०० मीटरवर गोळी साधारण ३ सेंटीमीटर वर-खाली लागते, ५०० वर ६ ते ७ आणि ८०० वर १५ च्या पुढे. हरणाच्या मर्माची जागा २० ते २५ सेंटीमीटर व्यासाची धरतात. म्हणजे ३०० मीटरच्या आत एका मीटरची चूक गोळीला कळतसुद्धा नाही. महागात पडतात त्या ५०-१०० मीटरच्या चुका, आणि त्या चुकीच्या वस्तूवर झोत पडल्यामुळे होतात.

इथे ‘पहिली वस्तू’ आणि ‘शेवटची वस्तू’ या सोयींचं काम येतं. एकाच झोतात दोन-तीन परतावे आले तर यंत्राने कुठला दाखवायचा हे त्या ठरवतात. गोल्फच्या यंत्रात ‘पहिली वस्तू’ पक्की बसवलेली असते, कारण तिथे झेंडा हवा असतो, मागची झाडं नकोत. शिकारीत उलट: समोर गवत, काटक्या, पावसाचे थेंब, आणि हवं असतं मागचं जनावर. म्हणून शिकारीच्या यंत्रात ‘शेवटची वस्तू’ हवीच. पण ती डोळे झाकून लावून ठेवायची नाही. हरिण झुडपामागे असेल आणि उरलेला झोत पूर्ण त्याच्या अंगावर पडत असेल तर ती सोय बरोबर उत्तर देते. झोत अंगाबाहेर सांडला की तीच सोय इमानेइतबारे मागच्या डोंगराचा आकडा देते. तुमचं ४१२ तिथूनच आलं असण्याची शक्यता मोठी आहे. उघड्यावर ‘सर्वांत जोरदार परतावा’ किंवा ‘पहिली वस्तू’, झाडीत ‘शेवटची’, हा हिशेब ठेवा. बटणाच्या दोन दाबांत सोय बदलता येते का, हे विकत घेण्यापूर्वी हातात घेऊन बघा. पाच पायऱ्यांच्या यादीत लपवलेली सोय शिकारीच्या वेळी कोणी वापरत नाही.

मोजण्याची पद्धत अशी. शक्यतो कोपर गुडघ्यावर किंवा यंत्र काठीवर, पिशवीवर टेकवा. ट्रायपॉड असेल तर उत्तम, त्यासाठी पाव इंची आट्यांची सोय आहे का बघा. हरणाच्या छातीवर तीन वेळा वेगवेगळं मोजा. मग त्याच्या पायाजवळचं झुडूप किंवा दगड मोजा. मग मागचा उतार मोजा, म्हणजे तो आकडा ओळखीचा होईल आणि पुन्हा फसवणार नाही. छातीचे दोन आकडे आणि पायाजवळचा आकडा एक-दोन मीटरच्या आत जुळले तर विश्वास ठेवा. नाही जुळले तर गोळी टाकायची नाही. जमीन सपाट असेल तर झोत जवळच्या गवताला घासत जातो आणि आकडा कमी येतो. तेव्हा उभे राहून किंवा थोडं उंचावरून मोजा. धुक्यात काही यंत्रं धुकंच मोजतात आणि २०-३० मीटर दाखवतात. गाडीच्या काचेतून मोजू नये.

बसल्या जागेवरून एक काम आधीच उरकता येतं. हरिण यायच्या आत समोरचे पाच-सहा ठळक दगड आणि झाडं मोजून कागदावर टिपून ठेवा. जनावर आलं की ते कुठल्या दगडाजवळ आहे एवढंच बघायचं. घाईत बटण दाबण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं.

डोंगरात चढ-उताराचा कोन लागतो. गुरुत्वाकर्षण काम करतं ते आडव्या अंतरावर, नजरेच्या तिरप्या रेषेवर नाही. तिरपं अंतर ४०० मीटर आणि कोन ३० अंश असेल तर आडवं अंतर ३४६ मीटर. १५ अंशाला ते ३८६ होतं, म्हणजे फरक किरकोळ. वर मारा की खाली, दोन्हीकडे नेम कमी उचलायचा असतो. ३०० मीटरच्या आत हा कोसाइनचा हिशेब पुरतो. लांब पल्ल्यावर आणि तीव्र कोनात तो थोडा चुकतो, तिथे गोळीची माहिती भरलेला गणक लागतो. पडद्यावर तिरपं आणि आडवं दोन्ही अंतर एकदम दिसत असेल तर कुठला आकडा कशाचा हे घरीच पाठ करा. दुरुस्त केलेल्या अंतराला पुन्हा हाताने दुरुस्ती लावणं ही नेहमीची चूक आहे.

धनुष्याला कोनदुरुस्ती हवीच असं विक्रेते सांगतात. ६ मीटर उंच मचाणावरून तिरपं अंतर २० मीटर असेल तर आडवं १९.१ येतं, फारसा फरक नाही. तेच जनावर १२ मीटरवर आलं की आडवं १०.४. खरी गरज तीव्र उताराच्या डोंगरात पडते. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाण गोळीपेक्षा खूप हळू जातो. सेकंदाला ८५ मीटर वेगाच्या बाणाला ४० मीटरवर अंतराची दर मीटर चूक जवळजवळ पावणेतीन ते ३ सेंटीमीटर पडते, म्हणजे तीन मीटर चुकलात की ८-९ सेंटीमीटर गेले. त्यामुळे धनुष्यासाठी कमाल अंतर विसरा, किमान बघा. काही यंत्रं १० मीटरच्या आत मोजतच नाहीत. ५ मीटरपासून मोजणारं आणि दशांशात दाखवणारं घ्या. आणखी एक: अनोळखी अंतराच्या तिरंदाजी स्पर्धांत आणि एअर रायफलच्या फील्ड टार्गेटमध्ये अंतर ओळखणं हाच खेळाचा भाग असतो, तिथे लेझर रेंजफाइंडर चालत नाही.

पडद्याबद्दल. काळा एलसीडी आकडा दिवसा छान दिसतो, पण संध्याकाळी हरणाच्या गडद अंगावर गडप होतो, आणि शिकारीची वेळ नेमकी तीच. शिवाय एलसीडीचा थर प्रकाश खातो आणि थंडीत मंदावतो. लाल ओएलईडी किंवा एलईडी घ्या, पण उजेड कमी-जास्त करता येणारा. एकच ठरलेला उजेड असेल तर दुपारी आकडा फिका दिसतो आणि अंधारात डोळे दिपतात. भिंग ६ किंवा ७ पट पुरे. ६ बाय २४ मध्ये (६ पट, पुढचं भिंग २४ मिलिमीटरचं) डोळ्याला ४ मिलिमीटरचं प्रकाशवर्तुळ मिळतं, ८ बाय २४ मध्ये ३ मिलिमीटरचंच. वाढलेल्या पटीबरोबर हाताची थरथरही वाढते.

बॅटरी बहुतेकांत सीआर२ असते. एक नवी कायम खिशात, अंगाजवळ ठेवा. पुन्हा चार्ज होणारे सीआर२ आकाराचे सेल बसतात खरे, पण काहींचा व्होल्टेज ३ पेक्षा जास्त असतो. माहितीपुस्तिकेत परवानगी नसेल तर घालू नका.

आत बसवलेला गोळीचा गणक, ब्लूटूथ, ॲप हे सगळं ८०० मीटरच्या प्लेटांना उपयोगी आहे, ३०० मीटरच्या हरणाला नाही. घेतलात तर त्यात खोक्यावर छापलेला वेग भरू नका, आपल्या रायफलचा क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेला भरा. झीरोचं अंतर आणि नळीपासून स्कोपची उंची मोजून भरा. मग ५०० आणि ८०० वर प्रत्यक्ष गोळ्या टाकून ताडून घ्या. यंत्रातला तापमान संवेदक खिशातल्या उबेने किंवा उन्हाने फसतो, म्हणून काही वेळ सावलीत मोकळं ठेवून मग आकडा घ्या. आणि वारा हे यंत्र मोजत नाही.

१५५० नॅनोमीटरच्या यंत्रांची चर्चा तुमच्या कानावर येईल. ही तरंगलांबी डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जास्त ताकदीचा स्पंद सोडता येतो आणि पल्ला वाढतो. पण पाणी ती जास्त शोषतं, त्यामुळे बर्फ आणि ओल्या वस्तूंवर परतावा घटतो. तुमच्या अंतरांना ९०५ पुरेसं आहे. कुठलंही घ्या, ‘क्लास १’ (लेझरचा डोळ्याला सुरक्षित वर्ग) असं लिहिलेलं हवं, आणि तरीही झोत निघतो त्या भिंगात डोळा लावून बघायचं नाही, माणसांवर रोखायचं नाही.

गोल्फचा घेऊ नका. त्याचा मोठा पल्ला झेंड्यावरच्या परावर्तकाच्या जोरावर असतो आणि झाडीत तो पहिली काटकीच दाखवेल. रायफलवर बसवायचा रेंजफाइंडरही नको. अंतर मोजायचं म्हणजे न ओळखलेल्या वस्तूकडे नळी रोखायची, आणि काही ठिकाणी शस्त्राला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांना शिकारीत मनाईही असते. तुमच्या परवान्याचे नियम आधी वाचा.

राहिली जुनी दुर्बीण. कल्पना चांगली आहे. जनावर शोधायचं आणि अंतर मोजायचं एकाच नजरेत होतं, आणि दोन हातांत धरलेली जड दुर्बीण एकहाती यंत्रापेक्षा स्थिर राहते. वजन मात्र किलोच्या आसपास असतं, हातातल्या यंत्राचं साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम. पण पैसे देण्यापूर्वी एक चाचणी कराच, कारण पडलेल्या यंत्रात बिघडतो तो झोत आणि पडद्यावरच्या खुणेचा मेळ. खूण हरणावर असते आणि झोत त्याच्या शेजारी. बाहेरून काही कळत नाही.

आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटा उभा विजेचा किंवा दिव्याचा खांब शोधा, २०० ते ३०० मीटरवर. त्याच्या मागे काहीही नको. यंत्र ट्रायपॉडवर लावा आणि सतत मोजण्याची सोय चालू करा. खूण खांबाच्या डावीकडून हळूहळू उजवीकडे न्या. आकडा कुठे उमटतो आणि कुठे जातो ते बघा. मग उलट दिशेने करा. आकडा खांबाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर उमटत-जात असेल तर आडवा मेळ बरोबर, आणि त्या दोन जागांमधल्या अंतरातून खांबाची जाडी वजा केली की साधारण झोताची खरी रुंदी. मग एखाद्या सपाट छपराच्या आडव्या कडेवर हेच खालून वर आणि वरून खाली करा. आकडा खूण कडेवर येईपर्यंत टिकला पाहिजे, फार आधी जाऊ नये आणि कड ओलांडून बराच वर गेल्यावरही राहू नये. झोत एका बाजूला सरकलेला निघाला, तर मेळ जुळवायची सोय त्या दुर्बिणीत आहे का ते पुस्तिकेत बघा. बऱ्याच यंत्रांत ती वापरणाऱ्याच्या हातात नसते.

पुढे एकक बघा: मीटर की यार्ड. ४०० यार्ड म्हणजे ३६६ मीटर, आणि मागच्या मालकाने काय लावून ठेवलं आहे ते पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका अक्षरावरून कळतं. टेपने मोजलेल्या १०० मीटरवर एकदा ताडा. बॅटरीच्या खोबणीत हिरवट गंज नाही ना, झाकणाची रबरी कडी फाटलेली नाही ना, आणि दोन्ही भिंगांतून दिव्याकडे बघितल्यावर आत बुरशीचे धागे दिसत नाहीत ना, हे तपासा. विकणाऱ्यांना खांबाची चाचणी करू द्यायची नसेल तर ती दुर्बीण सोडून द्या.